पंचावयव वाक्य

दुसऱ्याला एखादी गोष्ट पटवून देण्यासाठी न्यायदर्शनाने (तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाने) ठरवलेली पाच अवयवांची युक्तिवादरचना. स्वतःपुरत्या अनुमानाला (स्वार्थानुमान) तिची गरज नसते. धूर दिसला, आगीशी असलेला त्याचा नियत संबंध आठवला की काम भागते. समोर प्रतिवादी असेल तर मात्र परार्थानुमान करावे लागते. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे तिचे अवयव दिले आहेत.

दाखला ठरलेला आहे. ‘डोंगरावर आग आहे’ ही प्रतिज्ञा. ‘कारण तेथे धूर आहे’ हा हेतू. ‘जेथे जेथे धूर, तेथे तेथे आग, जसे स्वयंपाकघर’ हे उदाहरण. ‘हा डोंगरही तसाच धुराने युक्त आहे’ हा उपनय. ‘म्हणून डोंगरावर आग आहे’ हे निगमन. प्रतिज्ञा आणि निगमन यांत पुनरुक्ती वाटते, पण पहिले साध्य आहे, दुसरे सिद्ध. मीमांसकांनी तीनच अवयव मानले, बौद्धांनी उदाहरण आणि उपनय हे दोनच. उलट काही नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) जिज्ञासा, संशय वगैरे पाच आणखी धरून दहा मोजत. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील भाष्यात ते नाकारले, कारण जिज्ञासेमुळे चर्चा सुरू होते, सिद्ध काहीच होत नाही.

सगळा भार तिसऱ्या अवयवावर असतो. दृष्टांत सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांनाही मान्य असलाच पाहिजे. त्याच्याबद्दलच वाद निघाला तर आधी तोच सिद्ध करत बसावे लागते. नुसता दृष्टांतही पुरत नाही, त्यामागची व्याप्ती, म्हणजे हेतू आणि साध्य यांचा नियत संबंध, निरपवाद हवी. ‘जेथे आग, तेथे धूर’ असे उलटे म्हटले की तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा आडवा येतो: आग आहे, धूर नाही. धुराला ओले सरपण लागते. या न सांगितलेल्या अटीला उपाधी म्हणतात. म्हणून वादापूर्वी अनुकूल दाखले गोळा करण्यापेक्षा प्रतिकूल एक शोधून पाहणे शहाणपणाचे.

सदोष हेतूंना हेत्वाभास म्हणतात; ते पाच. ‘अग्नी थंड आहे, कारण तो द्रव्य आहे’ हा बाधित हेतू: हात लावताच खोटा पडतो. ‘शब्द नित्य आहे, कारण तो निर्माण केलेला आहे’ हा विरुद्ध: निर्माण झालेले अनित्यच असते, म्हणजे वादी स्वतःच प्रतिपक्षाची बाजू मांडतो. सत्प्रतिपक्ष अधिक अवघड, कारण तेथे तुल्यबळ हेतू उलटे साध्य सिद्ध करू पाहतो.

हरण्याच्या 22 जागा (निग्रहस्थाने) सूत्रांत मोजल्या आहेत. एखादा अवयव गाळला तर ‘न्यून’. एक हेतू पुरेसा असताना दुसरा जोडला तर ‘अधिक’. हेतू खोडला गेल्यावर त्याला नवे विशेषण चिकटवले तर ‘हेत्वंतर’. तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिवाद्याला बोलणे कळले नाही, तर दोष बोलणाऱ्याचा. त्याला ‘अविज्ञातार्थ’ म्हणतात.

तत्त्वनिर्णयासाठी चालणाऱ्या वादात न्यून आणि अधिक हे दोष दाखवायला मुभा आहे, पण छलाला, म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाचा मुद्दाम दुसराच अर्थ घेण्याला, नाही. तो जिंकण्यासाठी केलेल्या जल्पात चालतो: ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी असलेला असे कोणी म्हणावे आणि दुसऱ्याने ‘याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत?’ म्हणून अडवावे.