बाळंतिणीला झोप लागते का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि बाळंतिणीच्या अंगाची काळजी घेण्यात कुणी कसूर करत नाही. तेल, शेक, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर सगळं वेळच्या वेळी. (बंद खोलीतली कोळशाची शेगडी मात्र खरंच नको, तिचा वायू दोघांनाही घातक.) चौकशी मात्र टाके आणि दूध यापुढं, मनापर्यंत सहसा जात नाही.

वार पडल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन-तीन दिवसांत एकदम उतरतात. त्यामुळं तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उगाच रडू येतं, चिडचिड होते. निम्म्याहून जास्त आयांना हे होतं आणि दोन आठवड्यांत आपसूक निवळतं. त्यानंतरही उदासी टिकली, जेवण नकोसं झालं, बाळ गाढ झोपलेलं असूनही आईचा डोळा लागेना, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. चोर्ला घाटाखाली गोव्यात झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांनी धोका वाढलेला दिसला.

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. चौदाव्यानंतरच्या भेटी हे नैराश्य ओळखायला मोलाच्या. बाळंतिणीचं नैराश्य ओळखायच्या एडिंबरा प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न असतात, गुण तीसपैकी. तेरा किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडं जायचं. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथं 'कधीच नाही' सोडून काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी. घोळ होतो तो विचारण्यात. प्रश्न कन्नडमध्ये, बाळंतिणीला फक्त मराठी, मग उत्तर घरातलं दुसरंच कुणी देऊन टाकतं. बाळंतिणीला एकटीला, तिच्या बोलीत विचारलं नाही तर त्या गुणांना अर्थ नाही.

'बाळाबद्दल मला काही वाटतच नाही' हे सांगायला आईला फार लाज वाटते. माया पहिल्याच दिवशी उसळते असं नाही. कित्येकींना आठवडे लागतात. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रोनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आयांना खेळता खेळता काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं. काही महिन्यांची बाळं हसून, हात पसरून आईला बोलावू लागली, मग हिरमुसून तोंड फिरवू लागली. बाळाला प्रतिसाद हवा असतो, आणि तो थकल्या आईलाही थोडा थोडा देता येतो. नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं नीट दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा. दोन शब्द बोलायचे, मग गप्प राहून त्याच्या हुंकाराची वाट पाहायची. मालीश करायला बाई येत असली तरी पायांना तेल आईनंच लावावं.

रात्री आईला सलग चार-पाच तास झोप मिळायलाच हवी. एका वेळचं दूध काढून झाकून ठेवावं. चार तासांच्या आत आजीनं वाटी-चमच्यानं पाजावं.

डॉक्टर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासतील, कारण त्यांच्या बिघाडातही असाच थकवा येतो. सर्ट्रालीनसारखी नैराश्यावरची गोळी दुधात फारच थोडी उतरते, म्हणून पाजणं स्वतःहून तोडू नये. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत गोळी सोडून देणं ही नेहमीची चूक.

हजारात एक-दोघींना पहिल्या दोन आठवड्यांतच भ्रम होतात, झोप उडते, बोलणं असंबद्ध होतं. बाधा समजून देवऋष्याकडं नेण्यात वेळ जातो. बाळाला तिच्याजवळ एकटं न ठेवता तिला त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्यावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. कन्नड येत नसेल तर मराठी मागता येते.