झडप बदलली, तरी पंपिंग कमी का?

‘झडप बदलली की हृदय कोरं करकरीत,’ असं रंकाळ्यावर फिरायला येणारी मंडळी एकमेकांना छातीठोक सांगतात. मग ऑपरेशननंतरच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे डाव्या खालच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं तो आकडा, ६० वरून ५० वर दिसलं की घरचे हबकतात. मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली) गळत असताना डाव्या खालच्या कप्प्यातलं बरंच रक्त मागे, कमी दाबाच्या वरच्या कप्प्यात जातं. त्यामुळे आकडा फुगलेला असतो. गळती थांबली की सगळं रक्त महाधमनीतच ढकलावं लागतं आणि स्नायूची खरी ताकद दिसते. म्हणूनच तीव्र गळतीत पंपिंग ६० टक्क्यांवर उतरलं की डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. तेव्हा ‘साठ म्हणजे बरंय की’ म्हणत थांबणं महागात पडतं. अरुंद झालेल्या महाधमनीच्या झडपेचं उलट: अडथळा गेला की कमी झालेलं पंपिंग बहुधा सुधारतं. मेकॅनिकल झडपेला रक्त पातळ करणारी गोळी मात्र जन्मभर.