स्मृतिभ्रंशावरची औषधे : विद्यापीठे आणि कंपन्या एकत्र का आल्या?

१९८४ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड बीटा या प्रथिनाची ओळख पटवली. त्यानंतर बराच काळ वाटणी सरळ होती: अल्झायमरचे कारण विद्यापीठांनी शोधायचे, औषध कंपन्यांनी बनवायचे. अडचण आली ती चाचण्यांत. एलान कंपनीची अमायलॉइडविरोधी लस २००२ मध्ये थांबवावी लागली, कारण लस घेतलेल्या सुमारे ३०० जणांपैकी १८ जणांच्या मेंदूला आणि त्याच्या आवरणांना सूज आली. त्याहून खोल अडचण मोजमापाची होती. निदान लक्षणांवरून होई. त्यामुळे मेंदूत अमायलॉइड नसलेले लोकही अमायलॉइडविरोधी औषधांच्या चाचण्यांत शिरत, आणि औषध निकामी की रुग्णांची निवड चुकलेली, हे कळायला मार्ग नसे.

अमायलॉइड खात्रीने मोजण्याच्या पद्धती बसवणे एकट्या कंपनीच्या आवाक्यातले नव्हते. २००४ मध्ये अमेरिकेत त्यासाठी ‘ॲडनी’ हा संशोधन प्रकल्प सुरू झाला. त्यात सरकार आणि कंपन्यांचा पैसा होता, रुग्ण आणि संशोधक विद्यापीठांचे. मिळालेल्या माहितीवर कोणाचाही मालकी हक्क नाही आणि ती सगळ्यांना एकाच वेळी खुली, ही त्यातली अट मला सर्वांत मोलाची वाटते.

प्रत्यक्षात कस लागला तो बारीकसारीक गोष्टींत. मेंदू-मज्जाद्रव (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काचेच्या किंवा पॉलिस्टायरीनच्या नळीत घेतला, तर अमायलॉइड बीटा-४२ (या प्रथिनाचा एक प्रकार) नळीच्या भिंतीला चिकटते. द्रवात ते कमी भरते, आणि द्रवातली कमी पातळी हीच तर अल्झायमरची खूण, कारण ते मेंदूतच साचून राहते! म्हणजे चुकीच्या नळीमुळे निरोगी माणूस रुग्ण ठरू शकतो. म्हणून सर्व केंद्रांवर पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या वापरायच्या आणि नमुने ड्राय आइसमध्ये गोठवून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या एकाच प्रयोगशाळेत पाठवायचे, असे ठरले.

पीईटी तपासणीचीही (किरणोत्सारी रसायन टोचून मेंदूचे चित्र घेण्याची) वाट अशीच. पिट्सबर्ग विद्यापीठाने बनवलेल्या रसायनामुळे जिवंत माणसाच्या मेंदूतले अमायलॉइड दिसू लागले. पण त्यातल्या कार्बन-११चे अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटांचे, त्यामुळे ते बनवणारे सायक्लोट्रॉन हे यंत्र जवळ नसेल तिथे ते निरुपयोगी. कंपन्यांनी ११० मिनिटे अर्धायुष्याच्या फ्लोरिन-१८वर आधारलेली रसायने बाजारात आणली, तेव्हा ही तपासणी इतर रुग्णालयांत पोचली.

दरम्यान स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात लार्स लॅनफेल्ट यांना एका कुटुंबात ‘आर्क्टिक’ हे जनुकीय उत्परिवर्तन सापडले होते. त्यात अमायलॉइडच्या गाठी बनण्याआधीचे विरघळणारे तंतू झपाट्याने वाढतात. या तंतूंनाच लक्ष्य करणारी अँटिबॉडी बनवण्यासाठी २००३ मध्ये बायोआर्क्टिक कंपनी निघाली. २००७ मध्ये जपानच्या एसाय कंपनीने तिचा परवाना घेतला. तीच अँटिबॉडी म्हणजे आजचे लेकॅनेमॅब हे औषध.

त्याच्या १,७९५ जणांच्या अंतिम चाचणीत पीईटी किंवा मज्जाद्रवातून अमायलॉइड सिद्ध झालेल्यांनाच प्रवेश होता. १८ महिन्यांनी स्मृती आणि रोजच्या कामांतली घसरण मोजणाऱ्या १८ गुणांच्या मापनपट्टीवर औषध घेतलेल्यांची घसरण औषध न घेतलेल्यांपेक्षा ०.४५ गुणांनी कमी दिसली, आणि औषध घेतलेल्या १२.६ टक्के रुग्णांच्या मेंदूत एमआरआयवर सूज आढळली. निवड जुन्या पद्धतीने झाली असती, तर इतका लहान फरक चाचणीत हरवून गेला असता.