सूपच्या वाडग्यातील गोट्या : फूड स्टायलिंगची पार्श्वभूमी

छायाचित्रासाठी अन्न शिजवून ते ताटात रचून देणारा फूड स्टायलिस्ट हा स्वतंत्र व्यावसायिक म्हणून अलीकडचा असला, तरी त्याच्यापुढची अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे : कॅमेऱ्याला वेळ हवा असतो आणि अन्न थांबत नाही. छायाचित्रणाचे इंग्लंडमधील आद्य प्रवर्तक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी 1844 ते 1846 या काळात हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध केलेल्या सचित्र ग्रंथात खाद्यवस्तू म्हणून दिसतात ती टोपल्यांतली फळे, अननसासह. तासन्‌तास न हलणारी, न सुकणारी वस्तू निवडणे हेच त्या काळचे स्टायलिंग म्हणावे लागेल.

शिजवलेले अन्न रंगीत छापण्याची हौस वाढली ती विसाव्या शतकात, अमेरिकेतील मासिकांमुळे. 1930च्या दशकात छायाचित्रकार निकोलस म्युरे यांनी ‘मॅकॉल्स’ या महिलांच्या मासिकासाठी कार्ब्रो या रंगीत छायाचित्रे छापण्याच्या पद्धतीने काढलेली भरगच्च जेवणाची रंगीत चित्रे गाजली. पदार्थ तयार करण्याचे काम बहुधा अन्नकंपन्यांच्या चाचणी-स्वयंपाकघरांतील, गृहविज्ञान शिकलेल्या स्त्रियांकडे असे आणि चित्राखाली त्यांचे नाव क्वचितच येई. प्रखर दिव्यांच्या उष्णतेत आइस्क्रीम वितळे, पालेभाजी मान टाकी. म्हणून आइस्क्रीमच्या जागी कुस्करलेला बटाटा, दुधाच्या जागी पांढरा डिंक आणि दवबिंदूंसाठी ग्लिसरीन आले. या लबाडीचे मूळ फसवण्याच्या हेतूपेक्षा दिव्यांच्या उष्णतेत अधिक होते, असे मला वाटते.

प्रश्न न्यायालयात गेला तो मात्र दाढीच्या क्रीममुळे. कोलगेट-पामोलिव्हच्या जाहिरातीत क्रीम लावताच सँडपेपर गुळगुळीत होताना दिसे. प्रत्यक्षात तो वाळू चिकटवलेला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा होता. 1965 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही जाहिरात फसवी ठरवली आणि त्याच ओघात बटाट्याच्या आइस्क्रीमचा उल्लेख केला : ते केवळ देखाव्यात असेल तर चालेल, पण ‘पाहा, आमचे आइस्क्रीम किती दाट’ असा पुरावा म्हणून नव्हे.

त्यानंतर आले कॅम्पबेल सूपचे प्रकरण. भाज्यांचे तुकडे वर दिसावेत म्हणून वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या. बचावाचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, कारण ठेवलेल्या सूपमधला ऐवज तळाशी बसतो आणि चित्रात नुसते पाणी दिसते. परंतु गोट्यांमुळे तो असतो त्याहून जास्त भासत होता. 1970 मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाच्या संमती-आदेशाने, म्हणजे कंपनीने मान्य केलेल्या आदेशाने, ही पद्धत बंद झाली. जो माल विकायचा तो खरा, भोवतालचा थाट हवा तसा, हा व्यवसायातील दंडक अशा वादांतूनच पक्का झाला.

भारतात जाहिरात क्षेत्राने स्वनियमनासाठी मुंबईत ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था 1985 मध्ये स्थापली. पुढे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी दंडाचीही तरतूद केली. आपल्याकडे आमटीची वाटी हीच अडचण दाखवते : डाळ खाली बसते, तवंगावर साय धरते, कोथिंबीर काळवंडते. चित्र पाककृतीच्या पुस्तकासाठी असेल, तर तळाशी छोटी वाटी उपडी घालून वर डाळ-शेंगा चिमट्याने मांडायला कोणी हरकत घेत नाही. तीच आमटी पाकिटातून तयार विकायची असेल, तर उपडी वाटी काढावी लागते.