सेन्सर मरत नाही, भोवतालची ऊती बदलते

प्रयोगशाळेत अचूक असलेला ग्लुकोज सेन्सर (त्वचेखाली बसवून सतत साखर मोजणारं साधन) शरीरात चुकतो, म्हणजे त्यातलं एन्झाइम (ग्लुकोजवर क्रिया करणारं प्रथिन) मेलं, हा समज जुना आहे. पण शरीरातून काढलेला सेन्सर पुन्हा द्रावणात बुडवला की अनेकदा पूर्ववत मोजतो! गडबड बाहेर असते. काही मिनिटांत त्यावर प्रथिनं चिकटतात, मग मॅक्रोफेज (परक्या वस्तूंवर तुटून पडणाऱ्या) पेशी जमून तिथलंच ग्लुकोज खातात. पुढच्या काही आठवड्यांत केशवाहिन्या कमी असलेलं तंतुमय आवरण चढतं. त्यात अनेक सेन्सरांतल्या एन्झाइमला ऑक्सिजन लागतो, आणि ऊतीत तो ग्लुकोजच्या मानाने फारच थोडा, म्हणून अशा सेन्सरचा वरचा पडदा मुद्दाम बरंचसं ग्लुकोज अडवतो.

मोजला जातो तो पेशींमधला द्रव, रक्त नव्हे. त्यामुळे आकडा साधारण ५ ते १० मिनिटं मागे असतो. कॅलिब्रेशन (सेन्सरचा आकडा रक्ताच्या आकड्याशी जुळवणं) साखर स्थिर असतानाच करावं, जेवणानंतर लगेच नको. सेन्सरवर दाब देऊन झोपलं तर खोटी कमी साखर दिसते. शंका आली की बोटाच्या रक्तावर ताडून पाहावं.