प्लॅन मोठा घेतला की कॉल अडकायचा थांबतो?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासपासून उद्यमनगरच्या कारखान्यापर्यंत एकच सल्ला फिरतो: व्हिडिओ कॉल अडकतोय, मग ५० एमबीपीएसचा (सेकंदाला ५० मेगाबिट) इंटरनेट प्लॅन १०० चा करा. बहुतेक वेळा दुखणं वेगळंच असतं.

इंटरनेटवर माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जाते. १,५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट. ते लाइनवर चढायला ५० एमबीपीएसला ०.२४ मिलिसेकंद लागतात, १०० ला ०.१२. हा फरक कुणालाच जाणवत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. कोल्हापूर-मुंबई जाऊन-येऊन चार-पाच मिलिसेकंद लागणारच, प्लॅन कुठलाही असो.

खरा उशीर लाइनवर चढायला थांबलेल्या पॅकेटांच्या रांगेत होतो. संगणकशास्त्रज्ञ लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी १९६० च्या दशकात याचं गणित मांडलं. त्यातल्या सर्वांत साध्या प्रारूपात लाइन ५० टक्के भरली की पॅकेटला रिकाम्या लाइनच्या सरासरी दुप्पट वेळ लागतो, ९० टक्क्यांना दहापट, ९५ ला वीसपट. शेवटच्या पाच टक्क्यांनीच उशीर दुप्पट केला, हे नीट बघा.

घरात ही रांग बहुधा अपलोडला तुंबते. अपलोड ५ एमबीपीएस आणि राउटरचा बफर (पॅकेटं थांबतात ती जागा) १ एमबी असेल, तर बफर भरल्यावर नव्या पॅकेटला १.६ सेकंद थांबावं लागतं. मोबाइल फोटोंचा बॅकअप घेऊ लागला की हेच घडतं. नुसतं डाउनलोड वाढवून ते सुटत नाही.

आधी राउटरलाच पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजा. तिथेच आकडा उड्या मारत असेल तर वायफाय तपासा, केबल लावून पुन्हा मोजा. तो स्थिर असेल तर बाहेरच्या सर्व्हरला पिंग चालू ठेवून मोठी फाइल अपलोड करा. १० मिलिसेकंदांचे ३०० झाले, तर दोष रांगेचा. राउटरमध्ये एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर सुरू करा आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा.