स्वर्गाची तयारी शेवटच्या घटकेवर कशी आली?

स्वर्ग हवा सगळ्यांनाच असतो, पण तयारी कोण करतं? उपवासकाळातल्या प्रवचनांत हा प्रश्न नेहमी येतो आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडची ख्रिस्ती मंडळी तो ऐकत मोठी झाली आहेत. उत्तरही ठरलेलं असतं : आजच्या पिढीची श्रद्धा आटली. इतिहास पाहिला तर सगळा दोष या पिढीच्या माथी मारणं अन्यायाचं ठरेल.

इथल्या ख्रिस्ती समाजाचे दोन मोठे ओघ. गोव्याहून घाट चढून आलेली कोंकणी बोलणारी कॅथलिक कुटुंबं, आणि १८२० साली बेळगावात सुरू झालेल्या इंग्रज मिशनच्या कामातून उभी राहिलेली प्रोटेस्टंट मंडळी. ते मिशनचं काम १९०४ मध्ये अमेरिकन मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडे गेलं. मेथडिस्टांच्या १७४३ च्या नियमांत गटात येण्याची अट एकच होती : येणाऱ्या क्रोधापासून सुटण्याची आणि पापातून तारण मिळवण्याची इच्छा. पण इच्छा खरी असेल तर ती वागण्यात दिसलीच पाहिजे, असं लगेच पुढे होतं. कुणाचं वाईट करू नये, जमेल तितकं भलं करावं, उपासना चुकवू नये. म्हणजे तयारी रोजची.

कॅथलिक घरांत मात्र तयारीचा भार शेवटच्या घटकेवर येऊन पडला. याचं मूळ तेल लावण्याच्या विधीत आहे, आणि त्याबद्दल सविस्तर बोललं पाहिजे, कारण आजही घराघरांत सगळा गोंधळ तिथेच होतो.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात सांगितलंय की कुणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं आणि त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी. तिथे मरणाची अट नाही. मध्ययुगात हा विधी सरकत सरकत मरणशय्येपाशी गेला आणि त्याला ‘अंतिम’ हे विशेषण चिकटलं. १५५१ मध्ये ट्रेंट इथल्या कॅथलिक धर्मपरिषदेने तो आजाऱ्यांसाठी, विशेषतः मरणाच्या दारात असलेल्यांसाठी आहे असं सांगितलं. व्यवहारात तेवढं ‘विशेषतः’च उरलं. खाटेजवळ टेबलावर पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, पवित्र पाणी, बोटं पुसायला कापूस. डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय यांना तेल लागायचं, त्या त्या इंद्रियाने केलेल्या पापांची क्षमा मागत. फादर तेलाची डबी घेऊन दारात आले की घरात रडं सुरू. म्हणून आजारी माणूस घाबरू नये यासाठी त्यांना बोलवायचंच मुळी शुद्ध हरपल्यावर. ज्याची तयारी करायची, त्यालाच तिचा पत्ता नाही!

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ मध्ये हे बदलायला घेतलं : या विधीला आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणणं अधिक योग्य, तो केवळ मरणाऱ्यांचा नाही. पोपच्या ३० नोव्हेंबर १९७२ च्या फर्मानाने नवा विधी ठरला. आता तेल कपाळाला आणि हातांना लावतात. ऑलिव्हचं तेल मिळत नसेल तर दुसरं वनस्पतीजन्य तेल चालतं. मोठ्या ऑपरेशनआधी, म्हातारपणाने थकलेल्यांना, दुखणं बळावलं तर पुन्हाही हा विधी घेता येतो. मरणाऱ्याचा विधी म्हणून शेवटचा ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानून दिली जाणारी पवित्र भाकर, कायम राहिला.

निर्णय योग्यच होता, यात मला शंका नाही. पण त्याच्या जोडीने जे शिकवायला हवं होतं ते शिकवलं गेलं नाही. तेल आजाऱ्याचं झालं. मग मरणाची तयारी कुठे करायची, हे सांगायचं राहून गेलं. १९६९ च्या नव्या अंत्यविधीतून न्यायाच्या दिवसाचं ते जुनं लॅटिन गीत गेलं आणि पुनरुत्थानाच्या आशेवर भर आला. तेही चांगलंच. पुढे मात्र प्रत्येक अंत्यविधीत गेलेला माणूस स्वर्गात पोचलाच, असं बोलायची सवय लागली. जो आधीच पोचला, त्याच्यासाठी २ नोव्हेंबरला, मृतांसाठी प्रार्थना करायच्या दिवशी, मेणबत्ती कशाला लावायची, असं मुलांनी विचारलं तर मोठ्यांपाशी उत्तर नसतं.

सीमाभागात भाषेचीही भर पडली. १९५३ मध्ये बेळगावला स्वतंत्र धर्मप्रांत (बिशपच्या हाताखालचा कॅथलिक प्रदेश) झाला, दहा-बारा वर्षांतच मिस्सेतली (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतली) लॅटिन मागे पडू लागली, आणि तिच्या जागी कोंकणी, मराठी, कन्नड, इंग्रजी अशा चारही भाषा आल्या. आजी कोंकणीत जपमाळ म्हणते, मुलं मराठी शाळेत शिकली, नातवंडं इंग्रजी माध्यमात. ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’ आमच्यासाठी विनंती कर, ही मरियेच्या प्रार्थनेतली ओळ आजी रोज म्हणते, पण शेजारी बसलेल्या नातवाला तिची भाषा अर्धीच कळते. मला ही तूट श्रद्धा आटण्यापेक्षा मोठी वाटते.

कोविडच्या वेळी हे सगळं उघडं पडलं. वॉर्डात फादरांना प्रवेश नाही, तेल नाही, ख्रिस्तप्रसाद नाही. २० मार्च २०२० ला रोमहून निघालेल्या आदेशाने, ज्यांना तेल मिळू शकत नाही अशा मरणाऱ्यांनाही पापाच्या उरलेल्या शिक्षेतून पूर्ण माफी देऊ केली. मनाची योग्य तयारी हवी होतीच. शिवाय त्या माणसाने आयुष्यात सवयीने काही ना काही प्रार्थना केलेली असावी, असं त्यात म्हटलं होतं.